काटा बरोबर होता, तरी नस झिजत होती

मित्रांनो, माझे सगळे वजन मिळून एका लहान चमच्याएवढेही भरणार नाही. पण एके काळी धुळ्याच्या देवपुरात माणसे माझ्यासमोर श्वास रोखून निजत. माझा काटा किती सरकला, यावर ती घरी जाताना हसत किंवा गप्प होत. मी डोळ्याचा दाब मोजणारे एक जुने यंत्र आहे. डॉक्टर मला टोनोमीटर म्हणत. पेशंट मात्र मला नुसतेच 'काटा' म्हणत, आणि मला तेच नाव आवडते.

माझा जन्म परदेशातल्या एका कारखान्यात झाला. तिथले मला फारसे आठवत नाही. आठवते ती निळ्या मखमलीची पेटी आणि त्या पेटीतली माझी तीन छोटी वजने. १९७९ साली मुंबईतल्या एका दुकानातून अभिमन बोरसे नावाच्या तरुण डॉक्टरांनी मला घेतले. ते पाचोऱ्याकडचे, शेतकऱ्याच्या घरचे. डोळ्यांच्या डॉक्टरकीचे शिक्षण नुकतेच संपवून ते गावी निघाले होते. घरी पोचल्यावर त्यांनी पेटी उघडून आईला दाखवली. त्या माउलीने नवा बैल घरी यावा तसे मला हळदकुंकू लावले. हळदीचा तो डाग मखमलीवरून कधीच गेला नाही. पुढे देवपुरात शाळेच्या रस्त्याला त्यांनी दोन खोल्यांचा दवाखाना थाटला आणि माझी नोकरी सुरू झाली.

माझे काम तुम्हाला सोपे करून सांगतो. डोळा म्हणजे पाण्याने भरलेला एक छोटा गोळा. त्यात पाणी सारखे तयार होते आणि एका बारीक चाळणीतून बाहेर जाते. चाळणी तुंबली की आतला दाब वाढतो. डोळ्याच्या मागून एक नस मेंदूकडे जाते. त्या नसेत दहा लाखांच्या आसपास तंतू असतात, आणि प्रत्येक तंतू म्हणजे एका जिवंत पेशीने मेंदूकडे लांबवलेला हात. दाबाखाली या पेशी एकेक करून मरतात. दुखत नाही, खुपत नाही, बहुतेक वेळा डोळा लालही होत नाही. आधी कडेचे दिसणे जाते. समोरचे शेवटपर्यंत शाबूत राहते, म्हणून माणसाला पत्ताच लागत नाही. आणि एकदा मेलेली पेशी पुन्हा उगवत नाही. या दुखण्याला काचबिंदू म्हणतात.

डॉक्टर पेशंटला बाकावर उताणे निजवत. डोळ्यात बधिर करणारे औषध टाकत. मग माझी वाटीसारखी तबकडी ते हलकेच बुबुळावर टेकवत. माझी बारीक दांडी खाली दाबली जाई आणि वरचा काटा सरके. डोळा मऊ असला तर काटा लांब जाई. डोळा दगडासारखा कडक असला तर काटा जागचा हलत नसे. म्हणजे माझे गणित उलटे. आकडा मोठा तेवढा दाब कमी.

दवाखान्यात प्रमिलाबाई नावाच्या नर्स होत्या. हाताने हलक्या आणि नजरेने पक्क्या. पेशंटने नजर स्थिर ठेवावी म्हणून त्यांनी बाकाच्या वर, छताला, कपाळावरची एक लाल टिकली चिकटवली होती. "टिकलीकडे पाहा, दुसरीकडे नको," असे त्या म्हणत आणि पेशंटचे डोके दोन्ही हातांत धरत. रोज सकाळी त्या मला स्पिरिटने पुसत, वाळवत आणि माझा काटा शून्यावर येतो की नाही हे एका छोट्या लोखंडी ठोकळ्यावर तपासत. ते दिवस फार सुखाचे होते. खिडकीतून पांझरेवरचा वारा येई. बाहेर बाकड्यावर शिरपूर, साक्री, अमळनेरकडची माणसे पिशवीत भाकरी घेऊन बसलेली असत. आपण लोकांच्या उपयोगी पडतो आहोत, या विचाराने मी पेटीत अगदी समाधानाने पडून असे.

महिन्यातल्या दुसऱ्या रविवारी डॉक्टर सोनगीरला जात. ते मोटरसायकलवर आणि प्रमिलाबाई एस.टी.ने. मी डॉक्टरांच्या खांद्यावरच्या पिशवीत. किल्ल्याची टेकडी दिसू लागली की गाव आले असे समजायचे. शाळेच्या ओसरीत तपासणी चाले आणि शेजारच्या तांबट आळीतून तांब्या-पितळेवर पडणाऱ्या हातोड्यांचा आवाज दिवसभर येत राही. आरंभी त्या आवाजाने माझी दांडी थरथरते की काय असे मला वाटे. पुढे तो आवाज नसला तर चुकल्यासारखे होऊ लागले.

१९८४ च्या उन्हाळ्यात त्याच आळीतले दोघे भाऊ आमच्याकडे आले. थोरले भिकन, त्यांना सगळे भिकन नाना म्हणत. वय पंचावन्न. धाकटे तोताराम, सात वर्षांनी लहान. तोतारामांनी भावाचा हात धरून त्याला ओसरीची पायरी दाखवली.

"डाक्टरभाऊ, मोतीबिंदू पिकना का नही अजून?" भिकन नानांनी बसता बसताच विचारले. "दोन साल व्हयनात, वाट दखी ऱ्हायनू."

नजर गेली म्हणजे मोतीबिंदू असणार, आणि मोतीबिंदू पिकल्यावर काढतात, एवढे त्यांनी ऐकलेले होते. म्हणून दोन वर्षे ते घरात बसून तो पिकण्याची वाट पाहत होते. डॉक्टरांनी त्यांना निजवले आणि मला त्यांच्या डोळ्यावर टेकवले. मित्रांनो, माझा काटा हललाच नाही. डॉक्टरांनी जास्तीचे वजन चढवले. तेव्हा कुठे तो तीनापर्यंत गेला. आकड्यावरून दाब सांगणाऱ्या तक्त्यात पाहिले तर दाब पन्नासच्या घरात. दुसऱ्या डोळ्याचेही तेच.

"नाना, हा मोतीबिंदू नाही," डॉक्टर खाली वाकून म्हणाले. "काचबिंदू आहे. डोळ्याची नस सुकून गेली आहे. गेलेली नजर आता आणता येणार नाही."

 नाना उठून बसले आणि त्यांनी भावाचा हात चाचपून धरला.

"मना बाप बी असाच गया, आंधया व्हईसन," ते म्हणाले. "मनं जाऊ द्या. मना तोतारामना डोया दखा."

तोताराम बाकावर निजले. वर टिकली नव्हती, म्हणून प्रमिलाबाईंनी त्यांना स्वतःचाच अंगठा उंच धरायला लावला. माझा काटा झुलत गेला आणि पाचावर थांबला. दुसऱ्या डोळ्यातही पाच. म्हणजे दाब सतरा. अगदी निरोगी माणसाचा आकडा.

"दाब ठीक आहे. यांना काही नाही," डॉक्टर म्हणाले. "निर्धास्त जा."

"देव पावना रे!" भिकन नाना ओरडले. ज्यांची स्वतःची नजर कायमची गेल्याचे आत्ताच कळले होते, ते नाना भावाच्या पाठीवर थापा मारत होते. तोतारामांनी माझ्यापुढे हात जोडले. घरून गूळ आणून ओसरीतल्या सगळ्यांना वाटला. कोणीतरी माझ्या पेटीवरही एक खडा ठेवला आणि प्रमिलाबाईंनी हसत तो उचलून घेतला. तेवढा मान मला आयुष्यात पुन्हा मिळाला नाही. आज तो आठवला की बरेही वाटते आणि लाजही वाटते.

तीन वर्षे गेली. १९८७ च्या थंडीत तोताराम एकटेच देवपूरच्या दवाखान्यात आले. उजव्या पायाला फडके बांधलेले होते.

"कामावर बसताना भट्टीतून काढलेलं भांडं बाजूला ठेवलं होतं, त्यावरच पाय दिला म्हणतात," प्रमिलाबाईंनी डॉक्टरांना सांगितले. पण तोताराम पायासाठी आले नव्हते.

"समोरनं बठ्ठं दिखास, डाक्टरभाऊ," ते म्हणाले. "पन बाजूनं मानसं कोठून येतस, काही समजत नही. परवा फाट्यावर सायकलवाला आंगवर उना. माले म्हने, आंधया शे का?"

डॉक्टरांनी त्यांना भिंतीवरची अक्षरे वाचायला लावली. सर्वांत खालची बारीक ओळही तोतारामांनी घडाघडा वाचली. मग डॉक्टरांनी मला हातात घेतले. मी मनापासून मोजले. पाच. पुन्हा मोजले. पाचच.

"दाब तर ठीक आहे," डॉक्टर म्हणाले. बाहेर चाळीस माणसे बसली होती. चष्म्याचा नंबर बदलला असेल, असे काहीसे ते पुटपुटले आणि कागदावर लिहू लागले.

तेवढ्यात प्रमिलाबाईंनी पाण्याचा पेला तोतारामांसमोर धरला. समोर म्हणजे थोडा बाजूला, डाव्या हाताला. तोताराम हलले नाहीत. प्रमिलाबाईंनी पेला तसाच धरून ठेवला. तोताराम डॉक्टरांकडेच बघत राहिले.

"डॉक्टर," प्रमिलाबाई हळूच म्हणाल्या, "यांना हा पेला दिसत नाही."

डॉक्टरांची लेखणी थांबली.

त्यांनी तोतारामांच्या डोळ्यात बाहुली मोठी करणारे औषध टाकले आणि अर्धा तास थांबवले. मग खोली अंधारी करून हातातल्या छोट्या दिव्याने आत पाहिले. मी शेजारच्या टेबलावर उघड्या पेटीत होतो.  निरोगी नसेचे टोक समोरून केशरी वाटीसारखे दिसते आणि तिच्या मध्यावर एक छोटा पांढुरका खळगा असतो, असे डॉक्टर नंतर प्रमिलाबाईंना सांगत होते. तोतारामांच्या डोळ्यात त्या खळग्याने जवळजवळ सगळी वाटी खाल्ली होती. काठ तेवढा उरला होता.

भिंतीवर एक काळा पडदा होता. प्रमिलाबाईंनीच तो शिवला होता आणि मधोमध एक पांढरे बटण टाचले होते. तोतारामांचा एक डोळा झाकून त्यांना बटणाकडे पाहायला सांगितले. डॉक्टर काळ्या काठीच्या टोकावरचा पांढरा मणी पडद्यावर सावकाश फिरवू लागले.

"मणी दिसेनासा झाला की सांगा."

"गया," तोताराम म्हणाले. प्रमिलाबाईंनी तिथे टाचणी टोचली. "आते दिखस... गया... गया..."

टाचण्या वाढत गेल्या. दुसऱ्या डोळ्याचेही तेच झाले. शेवटी डोळ्यावरचा हात काढून तोतारामांनी पडद्याकडे पाहिले. टाचण्यांच्या कुंपणाच्या आत जेमतेम परातीएवढी जागा उरली होती. तेवढेच त्यांचे जग होते. बाकी सगळीकडे त्यांना दिसत नव्हते, आणि दिसत नाही हेही त्यांना आजवर ठाऊक नव्हते. ते पडद्याजवळ गेले आणि एकेका टाचणीवरून बोट फिरवत राहिले.

डॉक्टरांनी दार लोटून घेतले.

"तोताराम भाऊ, तुम्हाला काचबिंदूच आहे," ते म्हणाले. "काही लोकांची नस इतकी नाजूक असते की चारचौघांसारखा दाबही तिला सोसत नाही. तीन वर्षांपूर्वी मी काटा पाहिला, नस पाहिली नाही. तुमच्या घरात वडिलांची नजर गेलेली, भावाची गेलेली, हे समोर असूनही आत डोकावलो नाही. चूक माझी आहे."

तोताराम खुर्चीवर बसले. "मंग काटा खोटा बोलना का?"

"नाही. काटा खरंच बोलला. मीच त्याला एकच प्रश्न विचारून थांबलो."

मित्रांनो, त्या क्षणी मला माझ्या चकचकीत अंगाची शरम वाटली. मी खोटे बोललो नव्हतो हे खरे. पण माझ्या खऱ्या बोलण्यावर विसंबून एक माणूस तीन वर्षे निर्धास्त राहिला, आणि त्या तीन वर्षांत त्याच्या हजारो पेशी गुपचूप मेल्या. चोर सापडला नाही म्हणून चोरी झालीच नाही, असे थोडेच असते?

"उरेल शे, ते टिकी का?" तोतारामांनी विचारले.

"तेच टिकवायचं आहे," डॉक्टर म्हणाले. "गेलेल्या पेशी मला परत आणता येत नाहीत. उरलेल्या जपता येतील. आहे हा दाबसुद्धा आणखी खाली आणायचा. रोज दोन वेळा थेंब. जन्मभर."

तोतारामांनी चिठ्ठी घडी करून टोपीत ठेवली. दाराशी जाऊन ते थांबले, मागे वळले आणि म्हणाले, "भाऊ, तुम्ही सांगं, ते बरं करं. दुसरा सांगता ना." दुसऱ्या कोणी आपली चूक अशी सांगितली नसती, एवढाच त्याचा अर्थ. डॉक्टर मात्र ते गेल्यावर बराच वेळ खुर्चीत तसेच बसून होते. बाहेरची माणसे दारावर टकटक करू लागली तेव्हा उठले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी जुन्या पेशंटचे सगळे कागद कपाटातून खाली काढले. ज्या ज्या कागदावर 'दाब ठीक' एवढेच लिहून त्यांनी माणसाला घरी पाठवले होते, तो कागद वेगळा. चारशे बारा कागद निघाले. प्रमिलाबाईंनी चारशे बारा पोस्टकार्डे लिहिली. प्रत्येकावर तोच मजकूर: 'तुमची तपासणी अपुरी राहिली आहे. आमच्याकडून राहिली आहे. कृपा करून डोळे पुन्हा दाखवून जा.' लिहिता लिहिता त्यांच्या बोटाला घट्टा पडला. 'अशाने लोक आपल्यावरच शंका घेतील,' असे धुळ्यातल्या एका डॉक्टर मित्राने बजावले. "घेऊ देत," डॉक्टर बोरसे म्हणाले.

पुढले वर्षभर माणसे येत राहिली. कोणी रागावून आले, कोणी कार्ड जपून रुमालात बांधून आले. काही कार्डे 'पत्ता सापडत नाही' म्हणून परत आली. एका कार्डाला उत्तर आले की, वडील वारले. आलेल्यांपैकी नऊ जणांची नस झिजू लागलेली निघाली. त्यातल्या आठ जणांना वेळ होता. नवव्या बाई आल्या तेव्हा त्यांना मुलीने धरून आणले होते. त्या दिवशी डॉक्टर घरी जेवायला गेले नाहीत.

तेव्हापासून दवाखान्यात माझी जागा बदलली. मी पहिला, पण शेवटचा शब्द माझा नाही: माझ्यामागून नसेची पाहणी, मग पडदा. मला त्याचा राग आला नाही. उलट एकट्याच्या डोक्यावरचे ओझे कमी झाल्यासारखे वाटले.

थेंब सुरू केल्यावर पहिल्या महिन्यात सोनगीरला तोतारामांच्या डोळ्यावर मी सातापर्यंत गेलो. दाब बारापर्यंत उतरला होता. डॉक्टरांनी आनंदाने टेबलावर थाप मारली. पण चौथ्या महिन्यात मी पुन्हा पाचावर आलो. तोताराम म्हणत होते, थेंब घालतो. मला लपवता येत नव्हते.

"खरं सांगा," डॉक्टर म्हणाले.

तोतारामांनी मान खाली घातली. "थेंब टाका का अंधारं पडस. पितयवरना ठोका दिखत नही. काम बिघडस. आनि टाकीसन काय फायदा? उजेड ते वाढत नही."

त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. त्या औषधाने बाहुली टाचणीच्या टोकाएवढी आकसते. तांबटाच्या अंधाऱ्या खोलीत, भट्टीशेजारी, तेवढ्या छिद्रातून कसे काम करायचे?

"ते उजेड वाढवायचं औषध नाहीच," डॉक्टर म्हणाले. "आहे तो राखायचं आहे. तुम्हाला बाहुली न आकसणारं दुसरं औषध देतो, ते आता धुळ्यात मिळू लागलंय. पण ते रोज घालायला हवं. एक दिवस चुकवून चालणार नाही."

"नही व्हत माझ्याच्यानं," तोताराम वैतागून म्हणाले. "दुखत नही, खुपत नही, आनि रोज औषध! ध्यानात ऱ्हात नही."

भिकन नाना भिंतीला टेकून बसले होते. चार वर्षांत ते फार खचले होते. हातोडा सुटला होता. दिवसभर ओट्यावर बसून आळीतले आवाज ऐकणे, एवढेच त्यांचे काम उरले होते. ते म्हणाले, "बाटली माले दे."

"नाना, तुले दिखत नही."

"मना डोया गयात, हात नही गयात. दे."

 नानांनी भावाला मांडीवर डोके ठेवून निजवले. अंगठ्याने त्याची भुवई चाचपली, खालची पापणी हळूच ओढली, आणि दुसऱ्या हाताने बाटली वर धरली. पहिला थेंब नाकावर पडला. कोणीतरी हसले. प्रमिलाबाईंनी नानांचे मनगट किंचित वळवून दिले. दुसरा थेंब अचूक डोळ्यात पडला. मग बाईंनी दाखवल्याप्रमाणे नानांनी नाकाजवळचा डोळ्याचा कोपरा बोटाने दाबून धरला आणि शंभरपर्यंत आकडे मोजले. चाळीस वर्षे तांब्याच्या पत्र्यावर एका ओळीत ठोके पाडलेला तो हात होता. त्याला मोजमाप शिकवावे लागले नाही.

त्या दिवसापासून सकाळच्या आणि संध्याकाळच्या बातम्या रेडिओवर लागल्या की भिकन नाना ओट्यावरून हाक मारत, "तोताराम, ये रे!" तोताराम शेतावर असोत, लग्नाच्या पंगतीत असोत, हाक आली की यावेच लागे. एकदा रुसून ते आले नाहीत, तर नाना काठी टेकत एकटेच आळी ओलांडून त्यांच्यामागे गेले. त्यानंतर तोतारामांनी कधी चुकवले नाही. भट्टीशेजारची बैठकही त्यांनी उजेडाच्या ओट्यावर हलवली. दर महिन्याला मी सातावर जाऊ लागलो. आणि नाना? त्यांच्या अंगावर पुन्हा धुतलेला सदरा दिसू लागला.

१९९३ च्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तोतारामांची मुलगी भागाबाई पाचोऱ्याहून माहेरी आली. झोका, गाणी, सांजोऱ्या, माहेरवाशिणींचे ते चार दिवस. त्यातला एक दिवस तोतारामांनी काढून घेतला आणि तिला देवपूरला आणले. ती एकतीस वर्षांची होती, आणि आखाजीचा दिवस दवाखान्यात घालवावा लागला म्हणून फुगली होती.

"माले काही व्हयेल नही, बाबा," ती म्हणत होती.

मी मोजले. पाच. पूर्वी एवढ्यावर तिची सुटका झाली असती. डॉक्टरांनी मला पेटीत ठेवले, बाहुली मोठी करायला लावली आणि दिवा हातात घेतला. एका डोळ्यात खळगा किंचित मोठा होता. पडद्यावर चार टाचण्या लागल्या. फक्त चारच; कडेचा एक छोटा तुकडा तेवढा गेला होता.

भागाबाईचा चेहरा उतरला. "मी बी नानासारखी...?"

"नाही, भागाताई," डॉक्टर म्हणाले. "तुझ्या काकांपर्यंत मी पोचलोच नव्हतो. तुझ्या वडिलांच्या वेळी उशीर केला. तुझ्या वेळी आपण वेळेवर आहोत. थेंब घाल, दर सहा महिन्यांनी ये, आणि नातवंडांच्या लग्नात तांदूळ निवड."

"असं एकबी औषध नही का, जे डोयानी नसलेच मजबूत करी?" तोतारामांनी विचारले.

डॉक्टरांच्या टेबलावर परदेशी मासिके येत असत. ते म्हणाले, "शास्त्रज्ञ शोधताहेत. दाब सोडून थेट त्या पेशींनाच जगवणारं औषध. अजून हाती आलेलं नाही. ते येईल तेव्हा वाचवायला पेशी तर उरल्या पाहिजेत ना? तोवर आपण राखण करायची."

१९९६ साली दवाखान्यात नवे यंत्र आले. त्यात पेशंट बसल्या बसल्या हनुवटी टेकवतो आणि दाब माझ्यापेक्षा अचूक कळतो. मला टेबलाच्या खणात ठेवले गेले. पुढच्याच वर्षी प्रमिलाबाई निवृत्त झाल्या. जाण्याआधी त्यांनी मला स्पिरिटने पुसले, काटा शून्यावर आणला आणि पेटी बंद करण्यापूर्वी क्षणभर हातात धरले. त्यानंतर कोणी मला पुसले नाही. माझी दांडी आता अडकते. पूर्वी त्याचे वाईट वाटे. हातोड्यांचा आवाज आठवे, उताणी निजलेली माणसे आठवत, आणि खणातल्या अंधारात जीव कासावीस होई.

पण १९९८ च्या हिवाळ्यातली एक सकाळ मी ऐकली आहे. माझा खण अर्धा उघडा होता. तोताराम आणि भिकन नाना दोघेही आले होते. नाना आता सत्तरीला टेकले होते. डॉक्टरांनी तोतारामांचा पडदा पुन्हा तपासला आणि टाचण्या कागदावर उतरवून घेतल्या. मग त्यांनी १९८७ चा पिवळा पडलेला कागद काढला, नवा कागद त्यावर ठेवला आणि दोन्ही मिळून खिडकीच्या उजेडात धरले.



"काय निघनं, भाऊ?" नानांनी अधीर होऊन विचारले.

"नाना," डॉक्टर म्हणाले, "अकरा वर्षांत टाचण्यांची रेघ जागची हललेली नाही. जेवढं होतं तेवढं सगळं शिल्लक आहे."

 नानांनी भावाचा चेहरा दोन्ही तळव्यांत धरला आणि अंगठे त्याच्या मिटलेल्या पापण्यांवरून हळूच फिरवले. तोताराम साठी ओलांडलेले गृहस्थ, पण लहान मुलासारखे निमूट बसून राहिले.

मित्रांनो, नवे काही मिळाले की आपण गूळ वाटतो. जे आहे ते अकरा वर्षे जसेच्या तसे राहिले, याचा गूळ कोणी वाटत नाही. मला विचाराल, तर तोच वाटायला हवा. तुमच्या घरात चाळिशी ओलांडलेले कोणी असेल, कोणाचे वडील, काका, आत्या 'मोतीबिंदू पिकायची वाट बघत' आंधळे झाले असतील, तर त्यांना हाताला धरून डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन जा. दुखत नाही म्हणून थांबू नका. तिथे कोणी 'दाब ठीक आहे' म्हटले, तर लगेच उठू नका. नम्रपणे एवढेच विचारा: "डॉक्टर, बाहुली मोठी करून मागची नस पाहिली का?" आणि थेंब लिहून दिले, तर ते घालायची आठवण रोज करून द्या. ज्याला कंटाळा येतो, त्याच्या डोळ्यात तुम्ही घाला.